इंग्रजीतील ‘गेट’ हे क्रियापद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गेट’ म्हणजे ‘मिळणे’, असे आपण शाळेत वहीत लिहून घेतो आणि पुढे बरीच वर्षे तेवढ्यावरच भागवतो. प्रत्यक्षात इंग्रजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांत त्याची गणना होते आणि त्याच्या बहुतेक वापरांत ‘मिळणे’ हा अर्थ बसत नाही. मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या, नोकरीसाठी मुलाखती देणाऱ्यांच्या आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांच्या मनात या क्रियापदाविषयी ज्या शंका नेहमी येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत.

‘गेट’चे इतके अर्थ आहेत, तर लक्षात नेमके काय ठेवावे?

एकच गोष्ट लक्षात ठेवावी : ‘गेट’ बदल सांगते. जे नव्हते ते आले, जसे नव्हते तसे झाले, जिथे नव्हतो तिथे पोहोचलो, असा काहीतरी पालट त्यात असतो. म्हणूनच ते ‘हॅव’ आणि ‘बी’ या स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांच्या शेजारी ठेवून पाहिले की सर्वांत स्पष्ट दिसते. ‘शी हॅज अ जॉब’ म्हणजे तिला नोकरी आहे. ‘शी गॉट अ जॉब’ म्हणजे तिला नोकरी लागली. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी आहे. ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडू लागला आहे. ‘वी आर होम’ म्हणजे आम्ही घरी आहोत. ‘वी गॉट होम’ म्हणजे आम्ही घरी पोहोचलो.

या चार वाक्यांत मराठीने लागणे, होणे, पडणे आणि पोहोचणे अशी चार निरनिराळी क्रियापदे वापरली आणि इंग्रजीने एकट्या ‘गेट’वर काम भागवले. त्यामुळे अर्थांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा, वाक्यात आधी कोणती स्थिती होती आणि नंतर कोणती आली, हे पाहण्याची सवय लावून घेणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

त्याचा उच्चार दाराच्या ‘गेट’सारखाच आहे का?

नाही. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जात असले तरी क्रियापदातील ‘ए’ ऱ्हस्व आणि तोकडा असतो. तोंड किंचित अधिक उघडते आणि स्वर ‘ए’ व ‘ॲ’ यांच्या मधोमध कुठेतरी पडतो. फाटक या अर्थाच्या शब्दात ‘ए’ लांबतो आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो. मराठीत हा भेद नसल्यामुळे तो कानांना मुद्दाम शिकवावा लागतो.

हा शब्द इंग्रजीत आला कुठून?

तो मूळचा इंग्लंडचा नाही. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वस्ती केली, आणि त्यांच्या प्राचीन नॉर्स भाषेतील ‘गेटा’ हे क्रियापद कालांतराने इंग्रजीत रुजले. लिखित इंग्रजीत ते साधारणपणे 1200 च्या सुमारास दिसू लागते. ‘टेक’, ‘एग’ आणि ‘दे’ हे आज अगदी घरचे वाटणारे शब्दही याच वाटेने आले आहेत. जुन्या इंग्रजीत या कुळातील शब्द होते, पण ते उपसर्गासह येत. आजचे ‘फरगेट’ हे त्यांपैकीच एकाचे रूप आहे. त्या जुन्या रूपात ‘ग’च्या जागी ‘य’सारखा ध्वनी होता, आज आपण तेथे कठोर ‘ग’ उच्चारतो तो नॉर्सच्या प्रभावामुळे.

आणखी मागे गेल्यास या शब्दाचे मूळ ‘धरणे, पकडणे’ अशा अर्थाच्या प्राचीन धातूशी पोहोचते. लॅटिनमार्गे आलेला ‘कॉम्प्रिहेंड’ हा भारदस्त शब्दही त्याच धातूपासून निघाला आहे. ‘आय गेट इट’ या बोलीतल्या वाक्याचा आणि ‘आय कॉम्प्रिहेंड’ या पुस्तकी वाक्याचा अर्थ एकच आहे आणि कूळही एकच आहे, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

मराठीत आपण ‘मला मिळाले’ म्हणतो. इंग्रजीत ‘आय गॉट’ कसे?

मराठीत मिळणे, सापडणे, समजणे, आवडणे, लागणे अशा क्रियापदांत ज्याला अनुभव येतो त्याला ‘ला’ प्रत्यय लागतो आणि जे मिळते ते वाक्याचा कर्ता होते : मला पत्र मिळाले, मला दोन पत्रे मिळाली. इंग्रजीत मात्र मिळणारी व्यक्तीच कर्ता होते आणि वस्तू कर्म होते. एवढे बहुतेकांना सरावाने जमते. खरी अडचण पुढे आहे. मराठी ‘मिळणे’ आणि ‘मिळवणे’ यांत फरक करते. आपोआप हाती आले की प्रयत्नाने आणले, हे क्रियापदच सांगते. ‘गेट’ हा फरक करत नाही. ‘आय गॉट अ लेटर’मध्ये पत्र आपणहून आले आहे, ‘आय गॉट द टिकेट्स’मध्ये कोणीतरी रांगेत उभे राहून तिकिटे काढली आहेत, आणि ‘आय गॉट सम मिल्क ऑन द वे’मध्ये वाटेत थांबून दूध घेतले आहे. संदर्भावरूनच अर्थ लावावा लागतो, आणि मराठीत भाषांतर करताना दर वेळी ‘मिळाले’ लिहिल्यास वाक्य चुकते.

आणून देणे किंवा घेऊन देणे या अर्थीही हेच क्रियापद येते आणि तेव्हा त्याला दोन कर्मे असतात : ‘गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर’, ‘शी गॉट हर मदर अ साडी’. दुसऱ्या वाक्याचा अर्थ तिने आईला साडी घेतली, असा आहे.

‘होणे’साठी ‘गेट’ केव्हा वापरावे आणि ‘बिकम’ केव्हा?

‘गेट’नंतर विशेषण आले तर ‘होणे’ हा अर्थ निघतो : टायर्ड, अँग्री, ओल्ड, वेट, रेडी. नाम आले तर तो अर्थ निघत नाही. ‘तो डॉक्टर झाला’ हे ‘ही बिकेम अ डॉक्टर’ असेच सांगावे लागते. ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हटल्यास त्याने डॉक्टर बोलावून आणला, असे ऐकणारा समजेल.

विशेषणांतही काही ठरलेल्या जोड्या आहेत. दूध नासणे, टक्कल पडणे आणि वेड लागणे यांना इंग्रजीत ‘गो’ लागते, पाने पिवळी पडणे याला ‘टर्न’ लागते. या जोड्या नियमाने कळत नाहीत, वाचनानेच अंगवळणी पडतात.

‘मी पुण्याला पोहोचलो’ हे ‘आय रीच्ड टू पुणे’ असे चालेल का?

चालणार नाही, आणि ही आपल्याकडची सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक असावी. ‘पुण्याला’ या शब्दातील ‘ला’ मनात असल्यामुळे ‘टू’ आपसूक येते. परंतु ‘रीच’ला कोणतेही शब्दयोगी अव्यय लागत नाही : ‘आय रीच्ड पुणे’. ‘गेट’ला मात्र ‘टू’ लागते : ‘आय गॉट टू पुणे ॲट नाइन’. ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ हे तीन शब्द अपवाद आहेत, कारण त्यांच्यात ‘-ला, -कडे’ हा अर्थ आधीच सामावलेला असतो. म्हणून ‘आय गॉट होम’ बरोबर आणि ‘आय गॉट टू होम’ चूक.

‘मी काल केस कापले’ याचे इंग्रजी ‘आय कट माय हेअर येस्टरडे’ असे का होत नाही?

मराठीत ‘मी केस कापले’ किंवा ‘आम्ही घर बांधले’ असे म्हटले तरी ते काम दुसऱ्याकडून झाले, हे ऐकणाऱ्याला कळते. सलूनच्या खुर्चीत बसून कोणी स्वतः कात्री चालवत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ असे म्हटल्यास आरशासमोर उभे राहून स्वतःच्या हाताने केस कापले, असा समज होण्याची शक्यता असते. काम दुसऱ्याने केले असेल तर रचना बदलते : ‘आय गॉट माय हेअर कट’. यात ‘गॉट’नंतर वस्तू येते आणि वस्तूनंतर क्रियापदाचे तिसरे रूप येते. हा क्रम मोडून चालत नाही, कारण ‘आय गॉट कट माय हेअर’ हे वाक्यच होत नाही.

आपल्या रोजच्या व्यवहारातील कितीतरी कामे याच साच्यातली आहेत : चष्म्याचा नंबर तपासून घेणे, गाडीची सर्व्हिसिंग करून घेणे, कागदपत्रे साक्षांकित करून घेणे, ब्लाउज शिवून घेणे. मराठीत जेथे ‘करून घेणे’ येते, तेथे ही रचना बेलाशक वापरावी : ‘आय नीड टू गेट माय आइज टेस्टेड’, ‘शी गॉट टू ब्लाउजेस स्टिच्ड’. ‘आय गॉट’च्या जागी ‘आय हॅड’ घातले तरी अर्थ तोच राहतो, फक्त वाक्य किंचित अधिक औपचारिक होते.

एखाद्याकडून काम करवून घेतले, हे सांगताना ‘टू’ केव्हा येतो?

येथे व्यक्तीचा उल्लेख आधी येतो, आणि ‘गेट’च्या पुढे ‘टू’ आवश्यक असतो : ‘आय गॉट माय ब्रदर टू हेल्प मी’. ‘हॅव’ आणि ‘मेक’ यांच्यापुढे तो येत नाही : ‘आय हॅड द इलेक्ट्रिशियन चेक द वायरिंग’, ‘दे मेड अस वेट’. तिन्हींच्या अर्थच्छटा मात्र वेगळ्या आहेत. ‘गेट’मध्ये बहुधा थोडी मनधरणी असते, भाऊ तयार नव्हता, त्याला गळ घातली, मग तो आला. ‘हॅव’मध्ये ज्याचे ते कामच आहे त्याला ते सांगितलेले असते. ‘मेक’मध्ये भाग पाडलेले असते. मराठीत यांसाठी अनुक्रमे ‘राजी करून करवून घेतले’, ‘सांगून करून घेतले’ आणि ‘करायला लावले’ असे म्हणता येईल.

‘आय गॉट टू मीट हर’ आणि ‘आय हॅव गॉट टू मीट हर’ यांत काय फरक आहे?

फार मोठा फरक आहे, आणि तो मराठी भाषकाला समजायला सोपा जावा अशी सोय आपल्या भाषेतच आहे. पहिल्या वाक्याचा अर्थ ‘मला तिला भेटायला मिळाले’. दुसऱ्याचा अर्थ ‘मला तिला भेटावे लागेल’. एकात संधी, दुसऱ्यात सक्ती. आपण ‘बघायला मिळाले’, ‘खायला मिळाले’, ‘बोलायला मिळाले’ असे सहज म्हणतो, तीच रचना इंग्रजीत ‘गेट टू’ या रूपाने येते : ‘वी गॉट टू सी द सी’, ‘डू यू गेट टू गो होम ॲट दिवाळी?’ दुसऱ्या प्रश्नात दिवाळीला घरी जायला मिळते का, असे आपुलकीने विचारले आहे. ‘हॅव यू गॉट टू गो होम?’ असे विचारल्यास घरी जाणे ही कटकट आहे, असा सूर लागतो.

बोलताना ‘हॅव’ आखडून नुसते ‘व्ह’ उरते आणि घाईत तेही गळते. तेव्हा सक्तीचे वाक्यही ‘आय गॉट टू’ किंवा ‘आय गॉटा’ असेच ऐकू येते, आणि अर्थ संदर्भावरून ओळखावा लागतो. ‘गॉटा’ हे रूप बोलण्यापुरतेच ठेवावे; लेखनात ते आणू नये.

‘आय हॅव’ असताना ‘आय हॅव गॉट’ कशासाठी?

मालकी, नाते, आजार किंवा गुण सांगताना दोन्हींचा अर्थ एकच असतो : ‘आय हॅव टू सिस्टर्स’, ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’. ब्रिटनमध्ये बोलताना दुसरे रूप पुष्कळ ऐकू येते. दिसायला ते पूर्ण वर्तमानकाळाचे रूप असले तरी अर्थ साध्या वर्तमानकाळाचा आहे. भूतकाळात ते सहसा वापरत नाहीत. तेथे नुसते ‘हॅड’ पुरते. प्रश्न ‘हॅव यू गॉट अ पेन?’ असा किंवा ‘डू यू हॅव अ पेन?’ असा करावा. दोन्ही एकत्र करून ‘डू यू हॅव गॉट’ असे म्हणू नये. आणि ‘हॅव’चा अर्थ खाणे, पिणे, आंघोळ करणे असा असेल तेथे ‘गॉट’ घालू नये. ‘आय हॅव अ बाथ एव्हरी मॉर्निंग’ म्हणजे मी रोज सकाळी आंघोळ करतो. त्यात ‘गॉट’ शिरले की आंघोळ बाजूला राहून मालकीच्या टबाची गोष्ट सुरू होते.

‘गॉटन’ हे रूप चूक आहे का?

चूक नाही, ते अमेरिकन इंग्रजीतील प्रमाण रूप आहे. ते अमेरिकेत नव्याने तयार झाले, हा समजही खरा नाही. इंग्लंडमध्ये ते पूर्वी रूढ होते, 1611 च्या इंग्रजी बायबलमध्येही ते आढळते. पुढे ब्रिटिश प्रमाणभाषेतून ते मागे पडले आणि समुद्रापलीकडे टिकून राहिले. ‘फरगॉटन’ मात्र दोन्हीकडे राहिले.

अमेरिकेत या रूपाने एक उपयोगी भेदही जपला आहे. ‘आय हॅव गॉटन अ न्यू कार’ म्हणजे मी नवी गाडी घेतली आहे. ‘आय हॅव गॉट अ न्यू कार’ म्हणजे माझ्याकडे नवी गाडी आहे. भारतात अभ्यासक्रम आणि परीक्षा बहुतांशी ब्रिटिश वळणाच्या असल्याने ‘गॉट’ वापरणे सोयीचे आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी खुशाल ‘गॉटन’ म्हणावे. एकाच लेखात दोन्ही वळणे मिसळू नयेत, इतकेच पथ्य आहे.

‘माय फोन वॉज स्टोलन’ म्हणावे की ‘माय फोन गॉट स्टोलन’?

दोन्ही बरोबर आहेत. ‘गॉट’ने झालेला कर्मणी प्रयोग बोलण्यातला आहे, आणि ज्याच्यावर काहीतरी ओढवले किंवा ज्याचे काहीतरी भले झाले, त्याच्याविषयी तो अधिक शोभतो : फोन चोरीला गेला, बढती मिळाली, पावसात अडकलो. जेथे नुसती माहिती द्यायची आहे तेथे ‘वॉज’ घ्यावे : ‘द गेटवे ऑफ इंडिया वॉज कम्प्लीटेड इन 1924’. माहीत असणे, आवडणे, विश्वास असणे अशी स्थिती सांगणारी क्रियापदे ‘गॉट’बरोबर या प्रयोगात येत नाहीत.

‘आय ॲम नॉट गेटिंग’ हे बरोबर आहे का?

‘मला समजत नाहीये’ याचे हे शब्दशः रूपांतर आहे आणि आपल्याकडे ते सर्रास ऐकू येते. समजणे या अर्थी ‘गेट’ साध्या वर्तमानकाळात वापरतात आणि त्याला कर्म देतात : ‘आय डोंट गेट इट’. वरिष्ठांशी बोलताना ‘आय डिडंट क्वाइट फॉलो दॅट’ हे अधिक सभ्य वाटते. ‘आय ॲम नॉट गेटिंग टाइम’ हेही असेच, ‘वेळ मिळत नाही’ या वाक्यावरून आलेले आहे. तेथे ‘आय कॅनॉट फाइंड द टाइम’ म्हणावे.

‘गेट डाउन’, ‘आय गॉट लेट’ या आपल्याकडच्या प्रयोगांना चूक म्हणावे का?

‘दादर स्टेशनला उतरा’ हे भारतात ‘गेट डाउन ॲट दादर’ असेच सांगितले जाते आणि सगळ्यांना समजते. करोडो लोक ज्या अर्थाने एखादा शब्दप्रयोग वापरतात, त्याला सरसकट अशुद्ध ठरवणे मला पटत नाही. परंतु ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाशी बोलताना, किंवा परदेशी विद्यापीठासाठी इंग्रजीची परीक्षा देताना तेथील रूढी माहीत असायला हवी. बस, लोकल, विमान यांत चढणे ‘गेट ऑन’ आणि उतरणे ‘गेट ऑफ’. मोटार, टॅक्सी, रिक्षा यांत बसणे ‘गेट इन’ आणि उतरणे ‘गेट आउट’. ज्या वाहनात उभे राहता येते, चालता येते तेथे पहिली जोडी आणि जेथे वाकून आत शिरावे लागते तेथे दुसरी, असा ठोकताळा बराच उपयोगी पडतो. सायकल आणि घोडा यांना पहिलीच जोडी लागते. ‘गेट डाउन’ शिडीवरून किंवा झाडावरून उतरण्यासाठी राखून ठेवावे.

‘मला उशीर झाला’ हे ‘आय वॉज लेट’ किंवा ‘आय गॉट डिलेड’ असे सांगावे. ‘इट इज गेटिंग लेट’ मात्र अगदी शुद्ध आहे. त्याचा अर्थ उशीर होत चालला आहे, आता निघायला हवे, असा होतो.

‘गेट मॅरिड’नंतर ‘विथ’ येते का?

नाही, ‘टू’ येते. ‘तिच्याशी’मधील ‘शी’मुळे ‘विथ’ सुचते. नुसते ‘मॅरी’ वापरल्यास तेही लागत नाही : ‘ही मॅरिड हर’. याच धर्तीवर, ‘त्याच्यावर रागावली’ यातील ‘वर’मुळे ‘ऑन’ सुचते. पण ‘शी गॉट अँग्री विथ हिम’ हे बरोबर आहे.

‘गेट’ला जोडून येणारे छोटे शब्द कसे लक्षात ठेवावेत?

त्यांना मराठीतला नेमका वाक्प्रचार जोडून द्यावा, कारण शब्दकोशातील अर्थापेक्षा आपल्या तोंडातला वाक्प्रचार लवकर आठवतो. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे : दोघी जावांचे छान पटते. ‘गेट बाय’ म्हणजे कसेबसे भागणे. ‘गेट थ्रू’ म्हणजे फोन लागणे, आणि परीक्षेच्या बाबतीत तरून जाणे. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून उठणे किंवा दुःखातून सावरणे. त्यापुढे ‘विथ’ आले, म्हणजे ‘गेट इट ओव्हर विथ’ असे झाले, की अर्थ बदलून ‘एकदाचे उरकून टाकणे’ असा होतो, आणि त्यातील ‘एकदाचे’ची सुटका दुसऱ्या कोणत्याही इंग्रजी शब्दात इतकी नेमकी उतरत नाही. ‘गेट अवे विथ’ म्हणजे केलेले खपून जाणे. ‘गेट राउंड टू’ म्हणजे बरेच दिवस राहिलेल्या कामाला अखेर मुहूर्त लागणे. ‘गेट अक्रॉस’ म्हणजे मुद्दा समोरच्याच्या गळी उतरवणे.

स्पेलिंगमध्ये ‘गेटिंग’ला दोन ‘टी’ का?

एकाच अवयवाच्या शब्दात एक ऱ्हस्व स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन असेल तर ‘आयएनजी’ लागताना ते व्यंजन दुप्पट होते, जसे ‘सिटिंग’, ‘रनिंग’. ‘मीटिंग’मध्ये स्वर दीर्घ असल्याने एकच ‘टी’ राहतो.

अर्जात आणि कार्यालयीन पत्रात ‘गेट’ टाळावे का?

बहुतेक वेळा होय, पण प्रत्येक जागी वेगळा शब्द निवडावा लागतो. समजा, एका अर्जदाराने असे लिहिले : ‘आय गॉट टू नो अबाउट द व्हेकन्सी फ्रॉम युअर वेबसाइट. आय गॉट माय डिग्री इन 2021. प्लीज टेल मी व्हेन आय विल गेट द कॉल लेटर.’ तिन्ही वाक्ये समजतात, तरी पत्र घरगुती वाटते. पहिल्यात कळणे हा अर्थ आहे, म्हणून ‘आय लर्न्ड ऑफ द व्हेकन्सी’ असे लिहावे. ‘गेट टू नो’चा खरा अर्थ एखाद्याशी हळूहळू ओळख होणे असा आहे, आणि बातमी कळण्यासाठी तो योग्यही नाही. दुसऱ्यात पदवी संपादन करणे आहे, तेथे ‘आय रिसीव्ह्ड माय डिग्री’ शोभते. तिसऱ्यात केवळ शब्द बदलून भागत नाही, विनंतीचा सूरही बदलावा लागतो : ‘आय वुड बी ग्रेटफुल टू नो व्हेन आय मे एक्स्पेक्ट द कॉल लेटर.’

सहकाऱ्याला पाठवायच्या दोन ओळींच्या मेलमध्ये मात्र ‘आय गॉट युअर मेल, थँक यू’ असेच लिहावे. तेथे ‘आय ॲम इन रिसीट ऑफ युअर ईमेल’ लिहिल्यास आपण रागावलो आहोत, असा त्याचा ग्रह होईल.